आजार वारेचा, औषध बाळंतपण

या आजाराला एकच पक्कं औषध आहे आणि ते कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. ते म्हणजे बाळंतपण. गोळ्यांनी रक्तदाब खाली आणता येतो, इंजेक्शननं झटके थोपवता येतात. पण विसाव्या आठवड्यानंतर चढलेलं बीपी, लघवीतून जाणारी प्रथिनं, डोळ्यांपुढे चमकणारे काजवे हे सगळं मुळातून ओसरायला लागतं ते वार पडल्यावरच. वैद्यक याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतं. जगात शंभर गर्भवतींपैकी दोन ते आठ जणींना तो गाठतो.

पंचाईत अशी, की बाईला बहुधा काही होतच नसतं. मेहकर-चिखलीकडची एखादी लेक नवव्या महिन्यात तपासणीला जाते, दंडाला पट्टा गुंडाळला जातो, आकडा १५०/१०० येतो, लघवीच्या तपासणीत प्रथिनं दिसतात आणि डॉक्टर म्हणतात, "भरती व्हा, कळा आणाव्या लागतील." घरात लगेच कुजबुज सुरू होते. तारखेला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, पोटात दुखत नाही, मग घाई कशाची? सिझर करायचा डाव तर नाही ना? हल्लीचे अनुभव पाहता शंका येणं स्वाभाविक आहे. पण या बाबतीत ती बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर घेतली जाते. घाई डॉक्टरला नसते, वारेला असते.

वार हा अवयव आईचा म्हणावा तर तो बाळाच्या बाजूनं वाढतो, आणि बाळाचा म्हणावा तर तो आईच्या रक्तावर जगतो. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या नागमोडी रक्तवाहिन्या गाठतात. या वाहिन्यांना स्नायूंचं अस्तर असतं, त्यामुळे त्या आखडू शकतात. घुसलेल्या पेशी ते अस्तर उखडतात आणि स्वतःच तिथे ठाण मांडतात. विहिरीवरून वाफ्याकडे जाणारा अरुंद दांड शेतकऱ्यानं खणून रुंद करावा, तसं हे काम असतं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ते बरंचसं उरकलेलं असतं. आता या वाहिन्या आखडत नाहीत, आईनं आज्ञा केली तरी नाही. एका जीवाच्या पेशी दुसऱ्या जीवाच्या रक्तवाहिन्या फोडून नव्यानं बांधतात आणि दुसरा जीव ते होऊ देतो, हे वाचून ज्याला नवल वाटणार नाही त्याला कशाचंच वाटायचं नाही.

काही जणींच्या बाबतीत ही खणाई अर्धवट राहते. वाहिन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी पडतं. उपाशी वार मग गप्प बसत नाही. ती आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. त्यातल्या एकाचा मोठा उलगडा २००३ साली झाला. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकून बोस्टनला गेलेले डॉ. अनंत करुमांची आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन अशा बायकांच्या रक्तात फार वाढलेलं असतं. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणारे जे रासायनिक निरोप असतात, ते हे प्रथिन वाटेतच पकडून ठेवतं. मग आईच्या साऱ्या देहातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर आजारी पडतं. मूत्रपिंडाची चाळणी गळू लागते म्हणून लघवीत प्रथिनं. यकृत सुजतं म्हणून उजव्या बरगडीखाली दुखणं. मेंदूवर परिणाम झाला तर डोकं ठणकणं आणि शेवटी झटके. बीपीचा आकडा ही यातली फक्त दिसणारी बाजू.

दोष वारेकडेच आहे याचा एक चकित करणारा पुरावा म्हणजे द्राक्षगर्भ. त्याच्या एका प्रकारात पोटात बाळ नसतंच, नुसती वारेची वेडीवाकडी वाढ असते. तरीही त्या बाईला हा आजार होऊ शकतो, आणि तोही लवकर.

माणसाला हे कळायला फार वेळ लागला. झटके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिनं असतात हे लंडनच्या जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्ये नोंदवलं. दंडाला बांधायचा पट्टा इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणला. पट्टाच नव्हता तोवर बीपी वाढलंय हे कळणार तरी कसं?

आजाराचं मूळ वारेत, म्हणजे वार बाहेर काढायला हवी, आणि त्याआधी बाळ. इथे दुसरा मोठा अडसर उभा राहतो: गर्भपिशवीचं तोंड. नऊ महिने बाळ, पाणी आणि वार यांचा सगळा भार ते पेलतं, कारण त्यात कोलॅजनचे चिवट धागे घट्ट विणलेले असतात. कोणाच्या बाबतीत ते धागे कच्चे असतात आणि तोंड अवेळी उघडतं. त्यावर टाका घालून ते बंद ठेवायची युक्ती १९५५ मध्ये जगापुढे मांडली ती गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत नावारूपाला आलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी. आजही जगभर तो 'शिरोडकर टाका' म्हणूनच ओळखला जातो. बीपीच्या बाईचा प्रश्न नेमका उलटा. दार वेळेआधी उघडायचंय आणि ते तयार नाही.

आपणहून कळा सुरू होतात तेव्हा आधी बरेच दिवस हे तोंड आतून मऊ होत असतं. धाग्यांची वीण सैल होते, पाणी धरणारे रेणू वाढतात, लांबी कमी होते. हा मुहूर्त नेमकं कोण ठरवतं हे माणसाच्या बाबतीत अजूनही पूर्ण उलगडलेलं नाही. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स हेच मेंढ्यांमध्ये शोधत होते. तिथे बाळाच्या शरीरातलं कॉर्टिसॉल मुहूर्त काढतं असं त्यांना दिसलं. त्याच प्रयोगात वेळेआधी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसं अपेक्षेपेक्षा चांगली फुगलेली आढळली. त्यातून १९७२ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी स्टिरॉइडचा उपचार आला. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंत व्हावं लागणार असेल, तर आईच्या दंडात किंवा कमरेत टोचलं जाणारं ते इंजेक्शन त्या कोकरांची देणगी आहे.

तोंड किती तयार आहे हे डॉक्टर बोटांनी तपासून गुण देतात. ही पद्धत १९६४ मध्ये अमेरिकेच्या एडवर्ड बिशप यांनी घालून दिली. गुण कमी असतील तर आधी तोंड मऊ करायचं, मग कळा. त्यासाठीची साधनं पाहिली की हसू येतं, कारण एकही मुळात या कामासाठी जन्मलेलं नाही. फोलीची नळी लघवीसाठी. ती तोंडातून आत सारून टोकाचा फुगा पाण्यानं फुगवतात. फुगा दाबतो, आणि त्या दाबानं तिथल्या पेशी स्वतःच तोंड मऊ करणारं प्रोस्टाग्लँडिन सोडतात. मिसोप्रोस्टॉलची गोळी जठरातल्या अल्सरसाठी तयार झाली होती. गर्भाशय आकसतं हा तिचा दुष्परिणाम होता, तोच पुढे गुण ठरला. प्रोस्टाग्लँडिन हे नावही चुकून पडलेलं. १९३० च्या दशकात ते पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं असं वाटलं होतं. कळांच्या सलाईनमधलं ऑक्सिटोसिन मात्र सुरुवातीपासून गर्भाशयाशी बांधलेलं आहे. पियुषिकेच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकसतं, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पाहिलं होतं.

यातलं चांगलं कोणतं? स्वस्त, उन्हाळ्यात न बिघडणारं, साध्या सरकारी वॉर्डात चालणारं? या प्रश्नाचं जगाला उपयोगी पडलेलं उत्तर विदर्भातून आलं, आणि आपल्याकडे त्याची म्हणावी तशी वाहवा झालेली नाही.

डिसेंबर २०१३ ते जून २०१५ या काळात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात बीपी वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर हा अभ्यास झाला. कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठीनं ठरावं तसं ठरलं. ३०२ जणींना मिसोप्रोस्टॉलचे २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी, तोंडावाटे. ३०० जणींना फोलीची नळी. गोळीवाल्यांपैकी ५७ टक्के चोवीस तासांत खालून बाळंत झाल्या, नळीवाल्यांपैकी ४७ टक्के. नागपूरच्या डॉ. शुचिता मुंडले, लिव्हरपूलचे अँड्र्यू विक्स आणि इतरांनी २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये ते छापलं. पाठोपाठ याच दोन रुग्णालयांत फार चढलेल्या बीपीच्या ८९४ बायकांवर निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा या तीन गोळ्यांची तुलना झाली. सहा तासांत, काही बिघाड न होता बीपी आटोक्यात आलं ते अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के जणींचं. एका ओळीत सांगायचं तर शिरेतून इंजेक्शन द्यायची सोय नसलेल्या ठिकाणीसुद्धा तोंडावाटे दिलेली साधी गोळी जीव वाचवू शकते. लंडन-न्यूयॉर्कच्या पाठ्यपुस्तकांत जाणारी ही माहिती डागाच्या खाटांवर कळा सोसणाऱ्या बायकांनी दिलेली आहे. आपण त्यांना निदान मनात तरी नमस्कार करावा.

त्या आकड्यांतली दुसरी बाजूही घरच्यांनी नीट वाचावी. गोळी देऊनही शंभरातल्या ४३ जणी चोवीस तासांत खालून बाळंत झाल्या नाहीत. काहींना जास्त वेळ लागला, काहींचं सिझर झालं. म्हणजे कळा आणणं हे काही तासांचं काम नव्हे. पहिल्या रात्री नुसतं पोट आवळल्यासारखं वाटतं, तोंड एक बोट उघडतं, बाहेर बाकावर बसलेले सासरे अस्वस्थ होतात. मग पाणी फोडतात, सलाईन लावतात, थेंब मोजून वाढवतात, आणि कळा एकदम जोरानं येतात. बाळाचे ठोके पुन्हा पुन्हा ऐकले जातात, कारण कळा फार लागोपाठ आल्या तर बाळ दमतं. आधीचं सिझर असेल तर मिसोप्रोस्टॉल टाळतात, जुनी शिवण उसवायचा धोका असतो. म्हणून जुनी फाइल लपवू नये.

आणि कळा आणल्या की सिझर ठरलेलंच, ही समजूत? नेदरलँडमध्ये छत्तीस आठवडे पुरे झालेल्या, सौम्य बीपीच्या ७५६ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला. कळा आणलेल्यांपैकी ३१ टक्क्यांची प्रकृती बिघडली, वाट पाहिलेल्यांपैकी ४४ टक्क्यांची. सिझर उलट कळा आणलेल्यांत कमी होतं, १४ टक्के विरुद्ध १९ टक्के. सदतीस आठवडे झाले की थांबू नका, या आजच्या सल्ल्यामागे असा पुरावा आहे.

बुलढाणा जिल्ह्यात या सगळ्याला एक भौगोलिक काच आहे. इथली माणसं गावं सांगतात ती घाटावरची आणि घाटाखालची. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर-जळगाव जामोदकडून, किंवा मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्याला गाडी येईपर्यंत बाईला झटका आला तर? याचं उत्तर म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, इंग्लंडातल्या एप्सम गावच्या कडू पाण्यातून सापडलेलं मीठ. २००२ मध्ये ३३ देशांतल्या १०,१४१ बायकांवरच्या अभ्यासात त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, एएनएम सिस्टरनं द्यावा आणि मग पुढे पाठवावं, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना आहे. म्हणजे घाट चढण्याआधी. दुखरं इंजेक्शन आहे, पण नको म्हणू नये. पुढच्या डोसाआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघतात. उडाला नाही तर औषध जास्त झालं. अतिदक्षतेची ही कसोटी विजेशिवाय चालते.

२०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. जिजाऊंच्या सिंदखेडराजामुळे ज्या जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणायची रीत आहे, त्याला ते उशिराच मिळालं असं माझं मत आहे.

वार पडली म्हणजे धोका त्याच मिनिटाला संपत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा उसळी घेतं, आणि नेमकी तेव्हाच बाळंतीण घरी शेक-शेगडीत असते. डोकं दुखतंय म्हटलं की 'वारं लागलं असेल' म्हणून कानाला फडकं बांधलं जातं. तसं करू नका, बीपी मोजून आणा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत चांगलीच आहे, फक्त सातव्या महिन्यात ओटी भरून लेक निघाली की साडीबरोबर माता-बाल संरक्षण कार्डही पिशवीत घाला, नाहीतर माहेरच्या डॉक्टरला आधीचा एकही आकडा ठाऊक नसतो. पुढच्या खेपेला दिवस राहिले की लगेच सांगा: कमी मात्रेची ॲस्पिरिन सोळाव्या आठवड्याच्या आत, डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू केली तर हा आजार टळण्याची शक्यता वाढते. आणि ज्या बाईला एकदा हा आजार झाला, तिला पुढे आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मूल शाळेत जाऊ लागलं, तरी दर वर्षी तिच्या दंडाला तो पट्टा बांधून घ्या.