आधी आलेले आणि वेळेवर आलेले

‘पहिला आला तो जिंकला’ हे स्टार्टअपच्या जगात इतक्यांदा ऐकू येतं की त्याची शहानिशा सहसा कुणी करत नाही. पीटर गोल्डर आणि जेरार्ड टेलिस या अभ्यासकांनी १९९३मध्ये अमेरिकेत ती केली. सुमारे पन्नास प्रकारच्या उत्पादनांचा इतिहास त्यांनी त्या त्या काळच्या छापील मजकुरातून तपासला, तेव्हा नवा बाजार उघडणाऱ्यांपैकी ४७ टक्के पुढे बुडाल्याचं दिसलं. आधीच्या पाहण्यांत पहिल्यांचं यश मोठं दिसत होतं, कारण बुडालेल्यांना विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

आपल्याकडचा ठळक दाखला बंगळुरूचा. तिथे १९९९मध्ये फॅबमार्ट हे ऑनलाइन दुकान सुरू झालं, तेच पुढे इंडियाप्लाझा झालं. तेव्हा इंटरनेट डायल-अपवर चालायचं आणि क्रेडिट कार्ड मूठभरांकडे होतं. फ्लिपकार्ट आलं २००७मध्ये. २०१०मध्ये त्यांनी माल हातात पडल्यावर रोख पैसे घ्यायला सुरुवात केली आणि कार्ड नसलेल्या गिऱ्हाइकाला दार उघडलं. २०१३मध्ये इंडियाप्लाझा बंद पडलं. २०१८मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेतला.

मोबाइलवरून पैसे देण्याची गोष्ट मात्र याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. पेटीएमचं पाकीट २०१४पासून चालू होतं. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटाबंदी झाली, तेव्हा लोकांच्या तोंडी तेच नाव होतं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, यूपीआय आणलं होतं. पाकिटात आधी पैसे भरावे लागत आणि दुकानदाराला ते पुन्हा बँकेत वळते करावे लागत. यूपीआयने एका खात्यातले पैसे थेट दुसऱ्या खात्यात पोचवले. फोनपेने ऑगस्ट २०१६मध्येच त्यावर डाव लावला, गूगलचं तेझ, म्हणजे आताचं गूगल पे, सप्टेंबर २०१७मध्ये आलं. पेटीएमने यूपीआय घेतलं नोव्हेंबर २०१७मध्ये. जमवलेलं पाकीट सोडवत नाही, हे मी समजू शकतो. पण त्या वर्षभरात वाट बदलून गेली.

भाजीच्या गाडीवर निळा क्यूआर चिकटवायला पेटीएमची माणसं गल्लोगल्ली फिरली. यूपीआयचा क्यूआर मात्र कुणाच्याही अ‍ॅपने वाचता येतो. स्टिकर एकाचा आणि पैसे देणारं अ‍ॅप दुसऱ्याचं, हे आता रोजचं झालं आहे. म्हणजे पहिल्याने केलेल्या पायपिटीचा लाभ मागून आलेल्यांनाही मिळाला.

पेटीएमच्या हाती खरोखर टिकलं ते पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारं छोटं यंत्र. गर्दीच्या वेळी हात ओले असताना भाजीवाल्याला फोन पाहावा लागत नाही. किती रुपये आले ते कानावर पडतं. त्यासाठी तो महिन्याला भाडं देतो. रोजची जमा दिसत असल्याने त्याला कर्ज मिळवून देण्याचा धंदाही त्यातून उभा राहतो. जानेवारी २०२४च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. पेटीएमचं यूपीआय याच बँकेवर चालायचं, त्यामुळे त्याचा यूपीआयमधला वाटा घसरला. पण मार्चमध्ये एनपीसीआयची मंजुरी मिळाल्यावर इतर बँकांच्या आधारावर त्याचे यूपीआय व्यवहार चालू राहिले. दुकानदाराशी जुळलेलं नातं त्या पडझडीत कामी आलं, असं माझं मत आहे.

आता कुणी नव्याने उतरायचं म्हटलं तर? जानेवारी २०२०पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. आधी आलेल्यांनी कॅशबॅक वाटून गिऱ्हाईक जमवलं. नव्या कंपनीने तेच केलं तर तो खर्च व्यवहारातून वसूल होण्याची वाटच नाही. फोनपे आणि गूगल पे मिळून यूपीआयचे बहुतांश व्यवहार हाताळतात. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत, हा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२०मध्ये जाहीर केला. मर्यादा ओलांडलेल्यांना दिलेली मुदत आधी २०२२च्या अखेरीची होती, मग २०२४च्या आणि नंतर डिसेंबर २०२६ची झाली. दर मुदतवाढीबरोबर लोकांची सवय घट्ट होत गेली, आणि कोट्यवधी गिऱ्हाइकांना दुसरं अ‍ॅप घ्यायला लावणं दर वर्षी अधिक अवघड होत गेलं.