जमिनीतील खडा

धानाच्या बांधीविषयी चौकशी करता ‘जमिनीत खडा आहे’ असे उत्तर मिळते. परंतु या एका शब्दात निरनिराळ्या वस्तू येतात व त्यांवरील उपायही निराळे असतात. म्हणून सल्ला देण्यापूर्वी खडा हाती घेऊन पाहणे अगत्याचे होय.

बरडी जमिनीतील तांबूस खडा हा झिजलेल्या खडकाचा अवशेष. त्यात ओल टिकत नाही. तथापि उतारावरचे सर्व खडे वेचून टाकणे हितावह नाही. ते पावसाचा मारा सोसून माती वाहून जाण्यास आळा घालतात. नदीकाठची गारगोटी निरुपद्रवी. फाळ तेवढा बोथट करते.

मोरंड जमिनीत आढळणारा पांढुरका, ओबडधोबड खडा मात्र चुन्याचा असतो. यालाच कंकर म्हणतात. हा देशी शब्द भूगर्भशास्त्रानेही स्वीकारला आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना खालच्या थरात जातो व ओल आटताच साकळून त्याचा खडा बनतो. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यास बुडबुडे येतात. अशा जमिनीत जस्त पिकास सहजी लागू पडत नाही. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी धानाच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके दिसल्यास रोग समजून लगेच औषध फवारू नये. प्रथम माती तपासावी. जस्ताची उणीव ठरल्यास चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये.

प्रयोगशाळेत २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला भाग तपासणीत धरीत नाहीत. याकरिता नमुन्यासोबत खड्याचा प्रकार व अंदाजे प्रमाण लिहून पाठवावे.