फ्रीझरमधला चक्का

आमच्या घरात मधुमेह दोन पिढ्या मुक्कामाला आहे. त्यामुळे नातीने आइस्क्रीम मागितले, की माझ्या पोटात गोळा येतो. बाजारातल्या पुष्कळशा कपांवर तर बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ छापलेले असते; म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल!

मी शोधलेला तोडगा म्हणजे चक्का. साधे दही गोठवले, तर त्यातल्या पाण्याचे खडे होऊन दाताखाली कचकचतात. म्हणून अर्धा किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून रात्रभर फ्रीजमध्येच गळू द्यावे; उन्हाळ्यात बाहेर टांगले तर आंबते. खाली साठलेल्या पाण्यात कणीक भिजवावी, पोळ्या मऊ होतात. चक्क्यात पिकलेले केळे किंवा अर्धी वाटी आमरस घोटून बर्फाच्या ट्रेमध्ये भरावा. साखर चमचाभर पुरे. ती अजिबात वगळली, तर वड्या दगडासारख्या होतात, कारण साखरेमुळे मिश्रण कमी घट्ट गोठते. खाण्याआधी दहा मिनिटे ट्रे बाहेर काढावा.

आमरसातही साखर असतेच, म्हणून नातीला दोनच वड्या. ह्यांच्यासाठी वेगळा ट्रे: चक्का, वेलची आणि किंचित मीठ. नात त्यातलीही एक पळवते.