वंशावळीचा आधार: साधन आणि साठा

वंशावळीतले प्रत्येक नाव, नाते आणि साल कशावरून घेतले, याची नोंद त्या माहितीशेजारीच करायची असते. या नोंदीत दोन गोष्टी येतात. एक साधन, म्हणजे ज्यात माहिती मिळाली तो कागद, वही, शिलालेख किंवा मुलाखत. दुसरी साठा, म्हणजे ते साधन जिथे जपले आहे ती जागा: दप्तरखाना, तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, ग्रंथालय किंवा घरातली पेटी.

नुसते ‘पेशवे दप्तर’ असे लिहिले, तर त्याचे दोन अर्थ होतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधलेले हजारो गठ्ठे म्हणजे मूळ दप्तर. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले, त्यांनाही लोक ‘पेशवे दप्तर’च म्हणतात. मूळ कागद पाहिला असेल तर रुमालाचा क्रमांक द्यावा. छापील प्रत वाचली असेल तर खंड आणि लेखांक. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर वापरले असल्यास तेही सांगावे, कारण नाव वाचण्यातली चूक बहुधा तिथेच होते.

महसुली कागदांत गाव, तालुका, नमुना, साल आणि अनुक्रमांक हवा. जुन्या कागदांत गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा; दोहोंतून मिळणारी माहिती वेगळी असते. २०२३ पासून न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा असेच जुने महसुली आणि शैक्षणिक कागद तपासले गेले.

त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वतः लिहिलेल्या पिढ्यांची नावे असतात. त्या वह्या त्या त्या उपाध्यायांच्या घरी राहतात. म्हणून क्षेत्र, उपाध्याय घराणे, वही, पान आणि यात्रेची तिथी लिहावी. छापील कुलवृत्तांताला आवृत्ती आणि पृष्ठ पुरते. मात्र कुलवृत्तांताने स्वतःचा आधार दिला नसेल, तर त्याचे मोल मूळ नोंदीपेक्षा कमी धरावे. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख अनेकदा अंदाजाने सांगितलेली असते. तेच रजिस्टर मूल शाळेत कधी दाखल झाले यासाठी मात्र अधिक विश्वासार्ह ठरते.

तारीख कागदात असेल तशी उतरवावी आणि इसवी सन कंसात द्यावा. शकात ७८ किंवा ७९, दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. महिना कळल्याशिवाय नेमका आकडा ठरत नाही.

तोंडी माहितीसाठी सांगणाऱ्याचे नाव, नाते, वय आणि दिवस नोंदवावा. शोधूनही काही न मिळालेल्या वह्यांची, पाहिलेल्या वर्षांसह, यादी ठेवावी. दोन साधने परस्परविरोधी निघाल्यास दोन्ही नोंदवून एक का ग्राह्य धरले, त्याचे कारण लिहावे.