उष्ण हवामानातील दीर्घ पल्ल्याची धाव आणि शरीराचे जलसंतुलन : आंदर मावळाच्या संदर्भात

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील आंद्रा नदीच्या खोऱ्याचा परिसर आंदर मावळ म्हणून ओळखला जातो. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक, वडेश्वर व पुढे खांडीकडे जाणारा रस्ता हा या भागाचा कणा होय. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेले ठोकळवाडी धरणही याच भागात आहे. पावसाळ्यात भातखाचरांनी भरलेला हा प्रदेश चैत्र-वैशाखात मात्र रखरखीत होतो. पोलीस व सैन्य भरतीची किंवा मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना असे चढ-उताराचे, कमी वर्दळीचे रस्ते सरावास सोयीचे वाटतात. परंतु परीक्षा संपून सरावास वेळ मिळतो तो नेमका उन्हाळ्यात. जून 2014 मध्ये मुंबईतील पोलीस भरतीच्या 5 किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांचा मृत्यू झाला. ही घटना लक्षात घेता हा विषय केवळ क्रीडाशिक्षकांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. धावताना पाणी किती, केव्हा व कसे घ्यावे याचे शास्त्रीय विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

घामाचे कार्य

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. 60 किलो वजनाची व्यक्ती 10 किलोमीटर धावली तर साधारणतः 600 किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते व त्यातील सुमारे 450 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर टाकावी लागते. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजेच केवळ या धावेसाठी पाऊण लिटरहून अधिक घामाची वाफ व्हावी लागते. येथे 'वाफ होणे' हा शब्द महत्त्वाचा आहे. अंगावरून ठिबकून पडलेला घाम शरीर थंड करत नाही. मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी हवेतील दमटपणा वाढला की तापमान थोडे कमी असूनही धावणे अधिक त्रासदायक ठरते, त्याचे कारण हेच.

घामावाटे पाणी कमी झाले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्वचेकडील रक्तप्रवाह कमी होऊन शरीराचे तापमान चढू लागते. 'अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन' या संस्थेने 2007 मध्ये, व्यायामकाळात शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांहून अधिक घट होऊ देऊ नये, असे सुचविले.

दोन टोकांचे गैरसमज

'धावताना पाणी पिऊ नये' ही समजूत ग्रामीण भागात अद्याप आढळते. एका वेळी तांब्याभर पाणी पिऊन धावल्यास पोटात कळ येते हे खरे. परंतु त्यावरील उपाय घोट-घोट पाणी घेणे हा आहे, पाणी वर्ज्य करणे हा नव्हे.

याउलट 'जितके जास्त पाणी तितके चांगले' ही समजूतही तितकीच घातक आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंच्या रक्ततपासणीवर आधारित अभ्यास 2005 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 13 टक्के धावपटूंच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण सुरक्षित पातळीखाली गेलेले आढळले. शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले त्यांच्यात हा धोका विशेष होता. गमावलेल्या घामापेक्षा अधिक पाणी प्यायल्याने रक्त पातळ होते, डोके दुखते, उलट्या होतात व मेंदूला सूज येऊन प्राणही जाऊ शकतो. 2015 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात म्हणूनच तहानेनुसार पाणी पिण्यावर भर दिला आहे.

स्वतःची गरज मोजण्याची पद्धत

घामाचे प्रमाण व्यक्तीनुसार ताशी अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलते. त्यामुळे सर्वांना एकच माप लागू पडत नाही. यासाठी महाविद्यालयातील साधा वजनकाटा पुरेसा आहे. धावण्यापूर्वी लघवीस जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करावे. तासभर धावल्यानंतर अंग पुसून पुन्हा करावे. समजा, विद्यार्थ्याचे वजन 60 किलोवरून 59.1 किलो झाले आणि वाटेत त्याने 300 मिलिलिटर पाणी घेतले. तर त्याचा घाम ताशी 1.2 लिटर ठरतो. हाच विद्यार्थी पावणेदोन तास धावणार असेल तर सुमारे 2.1 लिटर घाम जाईल. त्याची 2 टक्के मर्यादा 1.2 किलो असल्याने सुमारे 900 मिलिलिटर पाणी, म्हणजे दर पंधरा मिनिटांनी साधारण 130 मिलिलिटर, पुरेसे होते. ऋतू व वेग बदलला की हे मोजमाप पुन्हा करावे.

पेयाची निवड

तासाभराच्या धावेस साधे पाणी चालते. त्याहून दीर्घ धावेत घामासोबत सोडियमही जात असल्याने थोडे मीठ व साखर उपयुक्त ठरते. साखरेमुळे आतड्यातून सोडियम व पाणी शोषले जाण्यास मदत होते. क्षारसंजीवनीचे तत्त्व हेच आहे. घरगुती प्रमाण एक लिटर स्वच्छ पाण्यास सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ असे आहे. भात पिकविणाऱ्या मावळात मीठ घातलेली तांदळाची पेज, तसेच ताक, ही धावेनंतरची उत्तम व स्वस्त पेये होत. जलाशयाचे वा ओढ्याचे पाणी न उकळता पिणे मात्र टाळावे. पाणी सोबत न्यावे किंवा परतीच्या वाटेवर ओळखीच्या घरी ठेवावे.

पाण्याची मर्यादा

पुरेसे पाणी प्यायलेल्या धावपटूलाही उष्माघात होऊ शकतो, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून सराव सूर्योदयाच्या सुमारास घ्यावा, वेग कमी ठेवावा आणि उन्हाची सवय होण्यास 10 ते 14 दिवस द्यावेत. धावणारा बरळू लागला, अडखळू लागला किंवा कोसळला तर त्यास सावलीत नेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे, वारा घालावा व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णवाहिकेची वाट पाहताना अंग थंड करणे थांबवू नये. शुद्ध हरपलेल्यास पाणी पाजू नये.

निष्कर्ष

तहान दाबून धावणे आणि भीतीपोटी अति पाणी पिणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच धोकादायक आहेत. योग्य प्रमाण अंदाजाने नव्हे, तर वजनकाट्याने ठरते. महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी उन्हाळी सुटीपूर्वी प्रत्येक धावणाऱ्या विद्यार्थ्याचे असे मोजमाप करून त्याची नोंद त्याच्या हाती द्यावी. एकट्याने दूरच्या रस्त्यावर धावू नये, हेही त्यास सांगावे. यास लागणारा खर्च नगण्य आहे. त्यातून टळणारी हानी मात्र कधीही भरून न येणारी असते.