पाहुणे होऊन पाहिलेला जपान

जपानला निघण्याच्या आदल्या रात्री अम्मींनी विचारले, "बुतखाने पाहायला एवढ्या लांब जायचं का गं?" प्रश्नात राग नव्हता, काळजी होती. दोन्ही मुले आमच्यासोबत येणार होती आणि क्योटो, नारा, टोकियो या शहरांत फिरायचे म्हणजे पावलोपावली बौद्ध मंदिरे आणि शिंतो देवस्थाने. पृथ्वीवर फिरून आधीच्या लोकांच्या खुणा पाहायला कुरआननेच सांगितले आहे. म्हणून आम्ही ठरवले, इतिहास आणि कारागिरी मन लावून पाहायची, कोणाच्या श्रद्धेला हसायचे नाही आणि पूजेच्या कोणत्याही विधीत सामील व्हायचे नाही. तरी मुलांना हे कसे समजवायचे, ही धाकधूक होतीच.

खिळ्यांविना उभा सज्जा

क्योटो ७९४ मध्ये जपानची राजधानी झाली आणि हजाराहून अधिक वर्षे राहिली. तिथले कियोमिझु-देरा हे मंदिर डोंगराच्या उतारावर आहे. आजचा मुख्य मंडप १६३३ चा. त्याचा लाकडी सज्जा सुमारे १३ मीटर उंच खांबांवर तोललेला आहे आणि ते खांब खिळे न वापरता एकमेकांत अडकवलेले आहेत. माझे मिस्टर लाकूडकामातले जाणकार. ते सज्ज्यावरून शहर पाहण्याऐवजी खाली उतरून ते सांधेच न्याहाळत बसले.

जपानमध्ये देवस्थानांच्या दाराशी पाण्याचे हौद असतात. लोक लांब दांड्याच्या पळीने हात धुतात, चूळ भरतात. "हे लोकपण वुजू करतात?" मुलाने विचारले. स्वच्छता त्यांनाही प्रिय आहे, पण हा त्यांच्या पूजेचा भाग आहे, म्हणून आपण बाजूला उभे राहून पाहायचे, असे त्याला सांगितले. त्याला ते लगेच पटले. मोठ्यांनाच समजायला वेळ लागतो.

नारा आणि इराणची काच

क्योटोहून रेल्वेने पाऊण तासात नारा येते. तोदाइ-जी मंदिरात बुद्धाची सुमारे १५ मीटर उंचीची कांस्यमूर्ती आहे. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी झाला आणि तो भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हस्ते झाला. तेव्हा बगदाद शहर वसायला अजून दहा वर्षे होती! मूळ मंडप आगीत गेला. आजचा १७०९ चा मंडप मूळच्यापेक्षा लहान आहे, पण त्यात शिरल्यावर माणूस मुंगीएवढा वाटतो.

याच परिसरात शोसोइन नावाचे आठव्या शतकातले लाकडी कोठार आहे. सम्राट शोमूच्या निधनानंतर त्याच्या वस्तू राणीने ७५६ मध्ये मंदिराला अर्पण केल्या. त्या कोठारात जपून ठेवलेल्या खजिन्यात इराणच्या सासानी काळातील काचेचा कटोराही आहे. रेशीममार्गाने आलेली ती काच बाराशे वर्षांहून अधिक काळ शाबूत राहिली. यातील काही वस्तू दरवर्षी शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात.

जुहरची वेळ झाली तेव्हा आम्ही बागेच्या एका कडेला जानमाज अंथरून कसर नमाज अदा केली. नाराच्या बागेत हरणे मोकळी फिरतात. सलाम फेरला तर एक हरीण जानमाजचे टोक चावून पाहत होते.

दोतोनबोरीचा झगमगाट

ओसाकाच्या दोतोनबोरीत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कालव्याच्या दोन्ही काठांवर दिव्यांच्या पाट्या, पाय हलवणारा प्रचंड खेकडा, धावणाऱ्या खेळाडूची प्रसिद्ध जाहिरात आणि हवेत तळणीचा वास. खरी कसोटी इथेच लागते. रामेन नूडल्सचे पाणी बहुधा डुकराच्या हाडांचे असते. 'मिरिन' आणि 'साके' हे मद्याचे प्रकार साध्या भाजीतही पडतात. अगदी मंदिरातले शाकाहारी जेवणही त्याला अपवाद असेलच असे नाही. 'बुता' म्हणजे डुक्कर, एवढा शब्द पाठ करून ठेवा. ताकोयाकी या गोळ्यांत ऑक्टोपस असतो. आम्ही कोकणी शाफई, आम्हाला समुद्रातले चालते, हनफी घरांत चालत नाही. पण वरचा सॉस आणि तव्यावरचे तेल यांची चौकशी दोघांनाही करावी लागते. शेवटी हलाल प्रमाणपत्र लावलेले एक छोटे हॉटेल सापडले आणि मुलांनी दोन वाट्या रामेन रिकाम्या केल्या.

एक सोय मात्र युरोपात बऱ्याच ठिकाणी न मिळणारी. जपानच्या शौचालयांत पाण्याचा फवारा जवळपास सगळीकडे असतो. तहारतची चिंता मिटते.

असाकुसात मुलीचा प्रश्न

टोकियोतील सेन्सो-जी हे शहरातले सर्वांत जुने मंदिर. १९४५ च्या बॉम्बवर्षावात मुख्य मंडप जळाला, १९५८ मध्ये पुन्हा उभा राहिला. लाल कंदिलाच्या दारापासून आत नाकामिसे ही दुकानांची गल्ली आहे. पंखे, खेळणी, गरम बिस्किटे, सगळी जत्राच.

मंदिराजवळ लोक नाणे टाकून डबा हलवतात, त्यातून निघालेल्या काडीवरच्या क्रमांकाची चिठ्ठी घेतात आणि आपले भविष्य वाचतात. वाईट निघाले तर चिठ्ठी तिथेच बांधून जातात. नऊ वर्षांच्या मुलीने हात पुढे केला. "गैब फक्त अल्लाह जाणतो, बेटा," मी म्हटले. तिने हात मागे घेतला आणि विचारले, "मग हे सगळे लोक?"

मी थोडा विचार केला. "त्यांचा हिशेब आपल्याकडे नाही. आपला आपल्याला द्यायचा आहे." त्या नाण्यांत थोडी भर घालून तिने नानीसाठी कागदी पंखा घेतला.

आमच्या दारातले पाहुणे

शेवटच्या दिवशी जुम्मा होता. योयोगी-उएहारा स्थानकाजवळची टोकियो जामी मशीद रशियातून आलेल्या तातार मुस्लिमांनी १९३८ मध्ये उभारली. ती इमारत मोडकळीस आल्यावर १९८६ मध्ये पाडली आणि २००० मध्ये उस्मानी धाटणीची आजची मशीद झाली. किराणा आणि जेवणासाठी आम्ही नंतर शिन-ओकुबोला गेलो. तिथल्या गल्लीत हलाल मांसापासून बासमतीपर्यंत सगळे मिळते.

नमाजनंतर काही जपानी पाहुणे मशीद पाहायला आले. बूट काढून, आवाज खाली ठेवून ते घुमटाची नक्षी बघत होते. एका जपानी मुलीच्या डोक्यावरचा रुमाल सारखा घसरत होता. माझी मुलगी पुढे झाली आणि तिने तो नीट बांधून दिला. त्या मुलीने कमरेत वाकून आभार मानले, माझ्या मुलीने हसून सलाम केला.

रात्री अम्मींचा फोन आला. सगळे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "नमाज चुकली नाही ना? मग पंखा घेऊन लवकर या. इथे फार उकडतंय."