‘विश्रांती घ्या’ म्हणजे नेमके काय करा? : गाढ शिथिलीकरणाचे चिकित्सेतील स्थान



रुग्णपत्रिकेच्या शेवटी ‘पूर्ण विश्रांती’ हे शब्द आपण सर्वच जण लिहितो. औषध लिहिताना मात्रा, काल, अनुपान यांची आवर्जून नोंद करणारे आपण विश्रांतीची मात्रा व विधी मात्र रुग्णावर सोपवून मोकळे होतो. कणकवलीत चिकित्सा करीत असताना ही उणीव मला एका प्रौढ भगिनीने दाखवून दिली. मुलगे मुंबईस, यजमान वर्षापूर्वी निवर्तलेले. गणपती आटोपून चाकरमानी परतले की घर रिकामे. निद्रानाश, अंगमर्द, छातीत धडधड आणि मलावष्टंभ अशा तक्रारी होत्या. मी नेहमीप्रमाणे वातशामक योजना केली व विश्रांती सांगितली. आठ दिवसांनी त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनू, आडवी पडलंय काय इचार जास्तीच येतत.”

शरीर आडवे होणे आणि शरीर शिथिल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कोणालाही करता येते. दुसरी शिकवावी लागते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात श्रेष्ठ भावांची जी यादी दिली आहे, तीत सर्व अपथ्यांमध्ये आयासाला अग्रस्थान दिले आहे. त्याच यादीत रोग वाढविणाऱ्यांत विषाद आणि शोषण करणाऱ्यांत शोक अग्रणी सांगितला आहे. ही तीन विधाने एकत्र वाचावीत असे मला वाटते. आयास म्हणजे केवळ अंगमेहनत असा अर्थ घेतला, तर वरील भगिनीस काहीच आयास नव्हता. परंतु आवळलेला जबडा, कानांकडे ओढलेले खांदे, आखडलेले पोट आणि वरच्यावर चाललेला श्वास हादेखील आयासच होय. शेतात राबणारा मनुष्य संध्याकाळी अवजार खाली ठेवतो. हा आयास खाली ठेवण्याची जागाच रुग्णाला ठाऊक नसते.

व्रणरोपणाच्या संदर्भात सुश्रुताचार्यांनी याचा विचार किती बारकाईने केला आहे, हे सूत्रस्थानातील व्रणितोपासनीय अध्यायात पाहावे. व्रणिताचे घर, शय्या, आहार यांबरोबरच प्रिय बोलणारे सुहृद जवळ असावेत, त्यांनी कथा सांगून वेदनेचा विसर पाडावा, व्रणिताने क्रोध, शोक, भय टाळावे, असा उपदेश तेथे आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो परीक्षेपुरता पाठ केला आणि सोडून दिला. अमेरिकेत १९९५ साली जॅनिस किकोल्ट-ग्लेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची अहोरात्र शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर ३.५ मिलिमीटरचा छोटा व्रण करून तो भरून येण्यास लागणारा काळ मोजला. तशा ताणाखाली नसलेल्या १३ स्त्रियांशी तुलना करता शुश्रूषा करणाऱ्यांचा व्रण सरासरी सुमारे नऊ दिवस उशिरा भरला. पुढे २०१२ साली न्यूझीलंडमध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर काही दिवस रुग्णांना शिथिलीकरण करविले असता व्रणातील रोपणाच्या खुणा अधिक चांगल्या आढळल्या. मनाचा क्षोभ धातूंपर्यंत पोहोचतो हे आपल्यास नवीन नाही; तो किती दिवसांनी पोहोचतो हे कोणीतरी मोजले, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य विषयाकडे वळू. शवासन हा हठयोगातील विधी असून हठयोगप्रदीपिकेत त्याचे फल श्रमनाश व चित्तविश्रांती असे सांगितले आहे. त्याचा रोगचिकित्सेत पद्धतशीर उपयोग करून पाहण्याचे श्रेय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांच्याकडे जाते. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील त्यांचा व सहकाऱ्यांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. औषधाविना ठेवलेल्या गटाचा सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मिमीपर्यंत उतरला. औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेल्या २२ जणांपैकी १३ जणांची औषधाची गरज मूळच्या सुमारे एक तृतीयांशावर आली. एकंदरीत निम्म्याच्या आसपास रुग्णांना लाभ झाला, आणि उरलेल्या निम्म्यांना झाला नाही हेही तितकेच ध्यानात घ्यावे. आजच्या निकषांनी हा अभ्यास लहान होय. तथापि हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचे शिथिलीकरणावरील पुस्तक १९७५ साली जगभर गाजण्यापूर्वी सहा वर्षे हे काम परळमध्ये झाले होते, याची आपल्याच लोकांना आठवण नसावी याचे वाईट वाटते.

दाते यांचा विधी साधा आहे. रुग्णाने उताणे पडावे. पायांत सुमारे ३० अंशांचे अंतर, हात धडापासून १५ अंश दूर, नेत्र मिटलेले. श्वसन मंद, लयबद्ध व उदराने करावे. पूरकानंतर अल्प व रेचकानंतर किंचित दीर्घ विराम असावा. पुढे चित्त नासापुटांशी ठेवून आत जाणाऱ्या वायूचा शीत स्पर्श व बाहेर पडणाऱ्या वायूचा उष्ण स्पर्श अनुभवावा. रोज ३० मिनिटे. विधी नीट अंगवळणी पडण्यास साधारण तीन आठवडे लागतात.

या तीन आठवड्यांतच बहुतेक रुग्ण सोडून जातात. म्हणून पहिले तीन-चार दिवस मी रुग्णाला चिकित्सालयातच बोलावतो आणि स्वतः शेजारी बसतो. प्रारंभी दहा मिनिटे पुरेशी होतात. ‘अंग सैल सोडा’ म्हटल्याने ज्यांना काहीच बोध होत नाही, त्यांना आधी मूठ घट्ट आवळून मग सोडण्यास सांगावे. जेकबसन यांनी १९२९ साली मांडलेली ही युक्ती आंबाबागेत काम करणाऱ्या गड्यांना क्षणात समजते. पूर्वी पादाभ्यंग केल्यास कार्य अधिक सुकर होते. रुग्ण घोरू लागला तर त्याला हलकेच जागे करावे. ही निद्रा नव्हे, आणि दिवास्वप्नाचे दोष आपण जाणतोच. मात्र शोकाने, भयाने क्लांत झालेल्यास चरकांनी दिवसाही झोपेची मुभा दिली आहे, हे विसरून कोणाला दटावू नये.

त्या भगिनी पाचव्या दिवशी शवासनात असताना रडू लागल्या. मी घाबरून थांबविणार होतो. परंतु बाष्प हाही तेरा अधारणीय वेगांपैकी एक आहे आणि त्याच्या धारणाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि व भ्रम संभवतात, हे स्मरून स्वस्थ बसलो. पंधरा मिनिटांनी त्या उठल्या, तोंड धुतले आणि वर्षभरात प्रथमच यजमानांविषयी बोलल्या. निद्रा महिन्याभराने येऊ लागली. धडधड अधूनमधून अजून होते. ती साफ गेली असे मी म्हणणार नाही.

दुसरा अनुभव सांगणे मला जड जाते. एका निवृत्त गृहस्थांना रक्तदाबासाठी दीर्घकाळ गोळ्या चालू होत्या. शवासनाने त्यांना फार बरे वाटू लागले, रक्तदाबही उतरला. ‘आता बरे आहे’ एवढेच मी म्हणालो. त्यांनी त्याचा अर्थ गोळ्या पुरे झाल्या असा घेतला आणि परस्पर थांबविल्या. काही आठवड्यांनी त्यांना पक्षाघात झाला. दाते यांच्या रुग्णांचे औषध वैद्यांनी रक्तदाब मोजून कमी केले होते, रुग्णांनी बरे वाटले म्हणून नव्हे. हा भेद मी त्या गृहस्थांना सांगितला नव्हता. तेव्हापासून ‘गोळी स्वतः बंद करू नये, दर आठवड्यास रक्तदाब मोजावा’ हे शवासनाच्या चिठ्ठीवर मी प्रथम लिहितो व घरच्या माणसाकडून वाचून घेतो.

उन्माद अथवा तीव्र विषादाच्या रुग्णास, ज्याला नेत्र मिटताच भय वाढते अशास, हा विधी एकट्याने करू देऊ नये. मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. श्वासाच्या रुग्णास उताणे न निजविता लोड देऊन अर्धवट बसवावे. गर्भिणीस उत्तरार्धात डाव्या कुशीवर ठेवावे. भोजनोत्तर दोन-तीन तास हा विधी टाळावा.

आपल्याकडे एक अडचण पावसाळ्याची आहे. वातप्रकोपाचा काळ, त्यात जमीन ओलसर, आणि रुग्ण मोठ्या श्रद्धेने नुसत्या चटईवर पडून राहतो. मग कंबर धरली म्हणून तक्रार घेऊन येतो. चटईखाली घोंगडी घालण्यास व अंगावर हलके पांघरूण घेण्यास आठवणीने सांगावे.